मुहूर्त नोव्हेंबरचा, कॅमेरा जूनचा: एका लग्न-फोटोग्राफरच्या खरेदीचा हिशोब

२०२३ चे गणपती १९ सप्टेंबरला बसले. त्या दिवसांत बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात स्टुडिओ चालवणाऱ्या एका लग्न-फोटोग्राफरसमोर प्रश्न उभा आहे. हाताशी २०१६ साली घेतलेला निकॉन डी७५०, जोडीला डी७२००. लेन्स चार: २४-७० एफ/२.८ जी, ७०-२०० एफ/२.८ व्हीआर टू, ८५ एफ/१.८ डी आणि ५० एफ/१.८ डी. तुळशीचं लग्न २४ नोव्हेंबरला आहे. त्यानंतरच्या पहिल्या मुहूर्तापासून मार्चअखेरपर्यंत चौदा लग्नांचे अ‍ॅडव्हान्स घेऊन झालेत. डी७५० कुरकुरायला लागलाय. दुकानात निकॉनचा बिनआरशाचा (मिररलेस) झेड-६ टू मिळतोय, पण तो ऑक्टोबर २०२० चा. झेड-६ थ्री ‘येतोच आहे’ असं सगळीकडे बोललं जातंय. घ्यावा की थांबावं?

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. जिल्ह्याच्या-तालुक्याच्या गावात हा धंदा करणाऱ्यांच्या नेहमीच्या हिशोबावरून ते बांधलं आहे. कॅमेऱ्यांची माहिती आणि बाजारात आल्याच्या तारखा खऱ्या आहेत. रुपयांचे आकडे आणि फोटोंची मोजदाद हिशोब मांडण्यासाठी धरलेली आहे. आपापले आकडे घालून तोच हिशोब पुन्हा करता येईल.

आधी जुन्या कॅमेऱ्याची तब्येत

नवीन काय घ्यायचं याची चर्चा सुरू होण्याआधी जुना कॅमेरा किती दिवस साथ देईल हे कळायला हवं. त्यासाठी पहिली गोष्ट शटर काउंट, म्हणजे फोटो टिपताना उघडझाप करणारं शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा. डी७५० च्या मेनूत हा आकडा दिसत नाही. कॅमेऱ्यातून नुकताच काढलेला, कुठल्याही सॉफ्टवेअरमधून न गेलेला फोटो संगणकावर घ्यायचा आणि एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडायचा. ‘शटर काउंट’ नावाच्या ओळीत आकडा मिळतो. या प्रकरणात तो २,०८,००० आहे. निकॉनने डी७५० चं शटर दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. म्हणजे दीड लाखानंतर ते बंद पडतं असं नाही. त्यापुढच्या प्रवासाची हमी कुणी दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

काउंटपेक्षा जास्त सांगते ती भिंतीची चाचणी. पांढरी, गुळगुळीत भिंत, खिडकीतून येणारा सारखा दिवसाचा उजेड आणि स्टँडवर कॅमेरा. मॅन्युअल मोडमध्ये लेन्सचं छिद्र एफ/८, शटरचा वेग १/६० सेकंद, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १०० पासून सुरुवात करायची. मग वेग दुप्पट केला की आयएसओही दुप्पट: १/१२५ ला २००, १/२५० ला ४००, असं करत १/४००० ला ६४००. सातही फोटो सारखेच उजळ यायला हवेत, आणि प्रत्येक फोटो वरपासून खालपर्यंत सारखा दिसायला हवा. ही चाचणी ट्यूब किंवा एलईडीच्या उजेडात करू नये. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. त्या लुकलुकीचे पट्टे फोटोत उतरतात आणि धडधाकट शटरवर उगाच आळ येतो.

इथे १/१००० पर्यंत सगळं ठीक निघालं. १/२००० ला फ्रेमची एक लांब कड थोडी काळवंडली, १/४००० ला ती पट्टी स्पष्टच दिसायला लागली. कारण असं: शटरला दोन पडदे असतात. वेग वाढला की पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आतच दुसरा त्याच्या मागे निघतो, आणि सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. १/४००० ला ही फट जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास असते. एक पडदा कणभर जरी मागेपुढे झाला तरी एवढ्या अरुंद फटीत फरक लगेच दिसतो. १/२०० ला फट नसतेच, पूर्ण सेन्सर एकदम उघडा असतो, म्हणून दोष झाकला जातो. मांडवात, हॉलमध्ये फ्लॅशसह काम चालतं १/१६० ते १/२०० वर. त्यामुळे लग्नाचे फोटो अजून चांगले येताहेत. बिघडले ते उन्हातले प्री-वेडिंगचे.

डी७५० च्या शटरबाबत निकॉनने २०१५ साली एक सूचना काढली होती. फोटोचा काही भाग काळवंडणं हीच तक्रार होती, आणि ठरावीक क्रमांकांचे कॅमेरे मोफत दुरुस्त करून देण्याची सोय होती. पुढे ही यादी वाढवली गेली. म्हणून पैसे देऊन शटर बदलण्याआधी तळाशी छापलेला क्रमांक सर्व्हिस सेंटरला कळवून विचारून घ्यावं. एक फोन करायचा आहे, आळस करू नये.

थोडक्यात, पडद्यांची चाल बिघडलेली आहे. कॅमेरा आज संध्याकाळी बंद पडेल किंवा वर्षभर चालेल. लग्नाचं काम मात्र पुन्हा करता येत नाही. एवढ्या एका गोष्टीमुळे ‘मार्चपर्यंत याच्यावरच काढू’ हा पर्याय बाद होतो. दुरुस्ती करावी तर कॅमेरा पुण्याला पाठवायचा, शटरचा सुटा भाग यायची वाट बघायची, दोन-तीन आठवडे धरायचे. सप्टेंबरात ते जमलं असतं. पण शटर नवं झालं तरी फोकस जुन्या पद्धतीनेच चालणार, आणि फोकस हा तर वेगळाच विषय आहे.

टाकलेल्या फोटोंचा ढीग

‘नवीन कॅमेऱ्याचा फोकस भारी आहे’ या वाक्यावर दीड-दोन लाख घालण्याआधी एक दिवस खर्च करायला हवा. मागच्या सहा लग्नांत निवड करताना बाजूला काढलेले फोटो पुन्हा उघडायचे आणि प्रत्येकावर कारण लिहायचं: डोळे मिटले, हात हलला, फ्लॅश वेळेत भरला नाही, फोकस चुकला, क्षणच हुकला. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरेदीचा सगळा निर्णय यावर उभा राहतो.

धरून चालू की तीनशे फोटोंवर कारणं लिहिली आणि त्यातले एकशे दहा फोकस चुकल्याचे निघाले. बाकीच्या एकशे नव्वदांना नवीन कॅमेरा फारसं काही करणार नाही. फ्लॅश वेळेत भरत नसेल तर तो बॅटरीचा प्रश्न; रिचार्जेबल सेल जुने झालेत, दोन-अडीच हजारांत सुटतो. हात हलल्याचे फोटो बघितले तर १/६० आणि १/८० वर काढलेले. आयएसओ ३२०० च्या वर जायची जुनी भीती अजून मनात आहे.

एकशे दहापैकी सत्तर फोटो एकाच लेन्सचे निघाले, ८५ एफ/१.८ डी चे. आणि जवळजवळ सगळ्यांत डोळे मऊ, नाकाचा शेंडा धारदार. हा कॅमेरा आणि लेन्स यांच्या जुळणीतला फरक आहे. डी७५० सारख्या, आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली असतो, आणि फोटो टिपणारा वेगळा. दोन वाटांची लांबी किंचित जुळली नाही की फोकस नेहमी एकाच बाजूला चुकतो. यावर डी७५० मध्येच उपाय आहे: सेटअप मेनूतलं ‘एएफ फाइन-ट्यून’. लेन्सच्या फोकल लांबीच्या पन्नासपट अंतरावर, म्हणजे ८५ साठी सव्वाचार मीटरवर, छापील कागद सरळ लावायचा. कॅमेरा स्टँडवर, लेन्स पूर्ण उघडी. एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, फोकस करून फोटो घ्यायचा, तो खरा समजायचा. मग व्ह्यूफाइंडरने फोकस करत -२० ते +२० यांमधले आकडे पाचपाचने बदलत बघायचं. प्रत्येक वेळी फोकस रिंग आधी मुद्दाम बिघडवायची, नाहीतर लेन्स जागची हलत नाही आणि चाचणी फसवी ठरते. तासाभरात, एक रुपयाही न घालता, सत्तरातले बरेचसे फोटो पुढच्या वेळी वाचतात.

आता उरले चाळीस. ते मात्र कॅमेऱ्याचेच आहेत, आणि बहुतेक सगळे एका मिनिटातले.

शेवटची मंगलाष्टक संपते, ‘शुभमंगल सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो, आणि त्याच क्षणी दोनशे हातांतून अक्षता उडतात. वधू-वराचे चेहरे लेन्सपासून तीन मीटरवर. मधल्या हवेत तांदळाचे दाणे, मामांचे हात, कुणाचा तरी वर धरलेला मोबाइल. ८५ मिमी लेन्सवर एफ/२ ला तीन मीटरवर फोकसची खोली जेमतेम १५ सेंटिमीटर. डी७५० चे ५१ फोकस बिंदू फ्रेमच्या मध्यभागी दाटीवाटीने बसलेले आहेत. उभ्या फ्रेममध्ये चेहरे वरच्या बाजूला गेले की बिंदू तिथवर पोचत नाहीत. मग मध्ये फोकस करून कॅमेरा हलवावा लागतो, आणि तेवढ्यात कॅमेरा समोरच्या उडत्या दाण्यांवर किंवा हातावर अडकतो. परत मागे यायला त्याला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. तोवर हार गळ्यात पडलेला असतो.

यावरही एक फुकट उपाय करून बघावा. कस्टम सेटिंग ए३, ‘फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन’, तीनवरून पाचवर न्यायचं. म्हणजे मध्ये काही आलं तर कॅमेरा लगेच त्याच्यामागे धावत नाही, जरा थांबतो. मदत होते, पण बिंदूच जिथे पोचत नाही तिथे हे सेटिंग काय करणार? डोळा ओळखून फ्रेमच्या कडेपर्यंत त्याला धरून ठेवणारा फोकस हवा तो याच कामासाठी. आता नवीन कॅमेऱ्याकडून नेमकं काय पाहिजे ते कळलं. जास्त मेगापिक्सेल नकोत, ६के व्हिडिओ नको. कमी उजेडात, मध्ये अडथळे असताना डोळ्यावर टिकून राहणारा फोकस, आणि दोन कार्डं.

झेड-६ टू काय देतो, काय हिरावून घेतो

झेड-६ टू चे २७३ फोकस बिंदू फ्रेमचा सुमारे ९० टक्के भाग व्यापतात, आणि डोळाही ओळखला जातो. फोकस थेट सेन्सरवरच मोजला जात असल्याने फाइन-ट्यूनचं दुखणं जवळपास संपतं. कार्डं दोन: एक सीएफएक्सप्रेस टाइप बी किंवा एक्सक्यूडी, दुसरं एसडी. कागदावर सगळं जमतंय. पण डीएसएलआरवरून येणाऱ्याला काही गोष्टी पहिल्याच लग्नात अडवतात.

पहिली गोष्ट लेन्सची. जुन्या एफ माउंटच्या, म्हणजे लेन्स बसायच्या जुन्या जोडणीच्या, लेन्स झेडवर लावायला एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लागतो, कारण एफ माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी होतं, झेडमध्ये ते १६ मिमी आहे. २४-७० जी आणि ७०-२०० व्हीआर टू यांच्या आत स्वतःची मोटर आहे, त्या उत्तम चालतात. पण ‘डी’ मालिकेच्या ८५ आणि ५० मध्ये मोटर नाही. डी७५० त्यांना माउंटमधल्या छोट्या स्क्रूने फिरवतो. एफटीझेडमध्ये तो स्क्रू नाही, आणि एफटीझेड टू मध्येही नाही. म्हणजे या दोन्ही लेन्स हाताने फोकस करायच्या. ज्या लेन्ससाठी डोळा धरणारा फोकस हवा होता तिच्यावरच तो मिळणार नाही! हे बरेच जण बॉक्स उघडल्यावर शिकतात. म्हणून बॉडीच्या किमतीत ८५ एफ/१.८ जी सारखी मोटर असलेली लेन्सही धरायलाच हवी. सेकंडहँडमध्ये ती चांगली मिळते.

दुसरी गोष्ट फ्लॅशचा लाल किरण. अंधाऱ्या संगीतात किंवा रात्रीच्या वरातीत डी७५० वर फ्लॅश लावला की त्याच्या पुढच्या खिडकीतून लाल जाळी पडायची आणि तिच्यावर फोकस व्हायचा. झेड कॅमेरे फ्लॅशचा हा किरण वापरत नाहीत. ते बॉडीवरच्या छोट्या हिरव्या दिव्यावर किंवा मिळेल त्या उजेडावर भागवतात. झेड-६ टू अशा जागी डी७५० पेक्षा चाचपडतो, असा हा धंदा करणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे आणि आमचंही मत तेच आहे. डीजेच्या निळ्या-जांभळ्या उजेडात तर अधिकच.

तिसरी, आवाज न करणारं शटर. मंगलाष्टकांच्या वेळी खटखट नको म्हणून सायलेंट मोड चालू करायचा मोह होतो. पण त्या मोडमध्ये झेड-६ टू चा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला सुमारे एक-विसांश सेकंद लागतो. शंभरदा लुकलुकणाऱ्या दिव्याखाली तेवढ्या वेळात पाच उजेड-अंधाराचे पट्टे फोटोभर पडतात. मागे एलईडी वॉल असेल तर फोटो गेलाच समजा. एलईडीखाली मेकॅनिकल शटरच ठेवायचं.

बॅटरीचं मात्र सोयीचं आहे. डी७५० च्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्या झेडमध्येही बसतात. फक्त यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्ज करायच्या असतील तर ‘बी’ किंवा ‘सी’ जातीची बॅटरी लागते. आणि डी७५० एका बॅटरीवर जिथे १,२३० फोटोंचा अधिकृत आकडा सांगतो तिथे झेड-६ टू व्ह्यूफाइंडरवर ३४० सांगतो. प्रत्यक्षात लग्नात याच्या कितीतरी जास्त निघतात, तरी दोनाच्या जागी चार बॅटऱ्या लागतातच.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी

२० सप्टेंबर २०२३ ला निकॉनने झेड-एफ जाहीर केला. बाहेरून जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा, त्यामुळे अनेक लग्न-फोटोग्राफरांनी तो हौशी लोकांचा म्हणून सोडून दिला. आत मात्र झेड-६ टू च्याच ताकदीचा २४.५ मेगापिक्सेल सेन्सर आणि त्याला जोडलेला एक्सपीड ७ प्रोसेसर, जो २०२१ च्या अखेरीस झेड-९ बरोबर आला आणि मे २०२३ मध्ये झेड-८ ला मिळाला. विषय ओळखून त्याच्यावर टिकून राहायचं काम हाच प्रोसेसर करतो. कमी उजेडातल्या फोकसची मर्यादा निकॉनने झेड-६ टू साठी -४.५ ईव्ही (उजेडाचं माप; आकडा जितका उणे तितका अंधार) सांगितली होती, झेड-एफ साठी -१० ईव्ही. मोजण्याच्या अटी वेगळ्या आहेत हे खरं, तरी मांडवातला फरक त्या आकड्यांच्या दिशेनेच दिसतो.

इथे वाट बघण्याचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. झेड-एफ ची वाट बघणं म्हणजे जाहीर झालेल्या, किंमत ठरलेल्या, ऑक्टोबरात दुकानात येणाऱ्या वस्तूची वाट बघणं. झेड-६ थ्री ची वाट बघणं म्हणजे ऐकीव बातमीची. झेड-६ ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झाला, झेड-६ टू ऑक्टोबर २०२० मध्ये. मध्ये सव्वीस महिने. तोच ठोका धरला तर तिसरा डिसेंबर २०२२ मध्ये यायला हवा होता. आला नाही. मागच्या अंतरावरून पुढची तारीख काढणाऱ्यांचे नऊ महिने तेव्हाच गेलेले होते. शिवाय जाहीर झाल्याची तारीख म्हणजे हातात पडल्याची तारीख नव्हे. आधी मोठ्या शहरांतल्या बुकिंगा निघतात, मग तालुक्याच्या दुकानदाराला नग मिळतो. त्यात नव्या मॉडेलचा पहिला फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट येईपर्यंत लग्नात त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये.

झेड-एफ ला खोट नाही असं नाही. पुढे पकड नाही. ७०-२०० व्हीआर टू चं वजन दीड किलोच्या वर, अ‍ॅडॅप्टर वेगळा, त्यामुळे मनगट दुखतं. खालून स्क्रूने बसणारी वेगळी ग्रिप घ्यावीच लागते, आणि घेताना बॅटरीचं दार उघडतं का ते पाहायचं, कारण दोन्ही कार्डं त्याच दारामागे आहेत. फोकस बिंदू हलवायला जॉयस्टिक नाही, मागच्या चौफुली बटणावर काम चालवायचं. सगळ्यात खटकणारी गोष्ट दुसऱ्या कार्डाची: एक पूर्ण एसडी, दुसरं मायक्रो एसडी, आणि तेही हळू जातीचं. दोन्हीवर रॉ (सेन्सरची कच्ची, मोठी फाइल) लिहायला लावलं तर मायक्रो एसडी सगळ्यांना मागे ओढतं आणि ऐन वरमालेत बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, भरतो. उपाय: एसडीवर रॉ, मायक्रो एसडीवर फक्त जेपेग. पहिलं कार्ड गेलंच तर मोठ्या आकाराचे जेपेग हाताशी राहतात, आणि अल्बमसाठी तेवढे पुरतात.

पैशांचा हिशोब

बहुतेक जण दोन किमतींमधला फरक बघतात. बघायला हवा तो दोन तोट्यांमधला.

झेड-एफ ची बॉडी पावणेदोन लाखांच्या थोडी वर, १,७७,००० धरू. झेड-६ टू सणाच्या ऑफरमध्ये १,४५,०००. फरक बत्तीस हजारांचा, आणि खिशातून आज तेवढेच जास्त जाणार. पण दोन वर्षांनी विकताना झेड-एफ १,०५,००० ला गेला तर तोटा ७२,०००. झेड-६ टू, मधल्या काळात त्याच्या जागी नवीन मॉडेल आल्यामुळे, ८०,००० ला गेला तर तोटा ६५,०००. खरा फरक दोन वर्षांत सात हजार. वर्षाला बावीस लग्नं म्हणजे चव्वेचाळीस लग्नं, लग्नामागे एकशे साठ रुपये. तेवढ्याला अक्षतांच्या त्या एका मिनिटातला फोकस मिळतो.

झेड-एफ चा पूर्ण हिशोब: बॉडीचा तोटा ७२,०००; अ‍ॅडॅप्टर, ग्रिप, कार्डं यांची घट १६,०००. एकूण ८८,०००, लग्नामागे २,०००. ८५ जी लेन्स सेकंडहँड घेऊन दोन्ही डी लेन्स विकल्या तर वरून सात-आठ हजार, पण लेन्सचा भाव फारसा पडत नाही.

भाड्याचा पर्यायही लिहून बघू. बॉडीचं भाडं दिवसाला १,८००, हळद आणि लग्न मिळून दोन दिवस, चौदा लग्नांना ५०,४००. लग्नामागे ३,६००. एका महत्त्वाच्या कामापुरतं ठीक, हंगामभर नाही. त्यात दर वेळी वेगळा नग, वेगळी सेटिंग, आणि मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी गावातले सगळेच भाड्याने मागतात तेव्हा मिळेल याची खात्री नाही.

कराबद्दल एक-दोन गोष्टी, कारण या नावाखाली घाई करवली जाते. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नोंदणी असेल तर हा कर परत वळता करता येतो, पण मग त्या रकमेवर घसारा धरता येत नाही; दोन्हीकडून घेऊ नये. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाख उलाढाल, आपला फोटोग्राफर त्याच्या आत, म्हणून त्याच्यासाठी कर हा किमतीचाच भाग. घसारा १५ टक्के, आणि वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेतलं तर पहिल्या वर्षी साडेसात टक्केच. १,७७,००० वर हा फरक १३,२७५ रुपयांच्या वजावटीचा, आणि तीही बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहते. नफा अंदाजी पद्धतीने दाखवत असाल तर हा मुद्दा लागूच होत नाही. यासाठी खरेदी दोन आठवडे पुढेमागे करण्यात काही अर्थ नाही.

‘नो-कॉस्ट’ हप्त्यांत घेताना दुकानदाराला रोखीचा भावही विचारावा. रोखीची सूट आणि बँकेची प्रोसेसिंग फी यांची बेरीज केली की व्याज कुठे लपलंय ते सापडतं.

निर्णय आणि त्याला लावलेली तारीख

ठरलं ते असं. झेड-एफ बुक करायचा, पण ५ नोव्हेंबरला शेवटची तारीख लावून. तोवर नग दुकानात आला नाही तर झेड-६ टू उचलायचा. झेड-६ थ्री चा विचार मार्चअखेरपर्यंत बंद. ५ नोव्हेंबरच का? दिवाळी १२ ला आणि पहिलं लग्न महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. नवीन पद्धतीचा कॅमेरा हातात बसायला तीन आठवडे तरी लागतात. बोटांना बटणं सापडायला हवीत, डोळ्यांना नाही.

त्या तीन आठवड्यांत करायची कामं ठरलेली आहेत. बिल आणि बॉक्सवरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्यायचा, वॉरंटी भारतातली आहे ना हे बघायचं. फर्मवेअर शेवटचा टाकायचा, फ्लॅश ट्रिगरचाही. जुना ट्रिगर नवीन बॉडीवर चमकतो पण टीटीएल (लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) चुकवतो, ही नेहमीची तक्रार आहे. एएफ-सी (सतत चालणारा फोकस), वाइड-एरिया एल (फोकसची मोठी चौकट), विषय ‘माणसं’, आणि मध्ये अडथळा आल्यावरचा प्रतिसाद पाचवर. मग घरातल्या कुणाला तरी समोर उभं करून मुठीमुठीने तांदूळ उडवायला लावायचे आणि दोनशे फोटो काढायचे. हसू येईल, पण हीच खरी परीक्षा. तीनवर आणि पाचवर वेगवेगळे काढून शंभर टक्के मोठे करून बघितले की फरक समोर दिसतो.

पहिल्या दोन लग्नांत डी७५० वर २४-७०, झेड-एफ वर ८५. डी७२०० विकायचा नाही. शटर कुरकुरणारा डी७५० हा आता आधाराचा कॅमेरा राहिलेला नाही, त्यामुळे मार्चपर्यंत डी७२०० बॅगेत हवा.

हाच प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता तर उत्तर उलटं आलं असतं. ज्याचं काम मुख्यतः सिनेमॅटिक व्हिडिओचं आहे, त्याला झेड-६ टू मध्ये ४के ६० फ्रेम कडा कापून मिळतात आणि कॅमेऱ्याच्या आत १०-बिट मिळत नाही. त्याने झेड-६ टू घेण्यापेक्षा थांबणं किंवा दुसऱ्या कंपनीकडे बघणं बरं. ज्याच्या डी७५० चं काउंट ऐंशी हजार आहे आणि भिंतीची चाचणी स्वच्छ निघाली, त्याने फाइन-ट्यून करून खुशाल वर्ष काढावं. आणि सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ मार्क टू? दोन्ही त्या वेळी उत्तम पर्याय होते, फोकसला झेड-६ टू पेक्षा चांगले. पण २४-७० आणि ७०-२०० विकून तसेच नवीन घ्यायचे म्हणजे बॉडीइतकाच खर्च वरून. ज्याच्याकडे मोटर असलेल्या चांगल्या लेन्स आहेत त्याने बॉडीच्या मोहात माउंट बदलू नये.

झेड-६ थ्री अखेर १७ जून २०२४ ला जाहीर झाला. भारतात बॉडी अडीच लाखांच्या आसपास, अमेरिकेत झेड-६ टू च्या मूळ किमतीपेक्षा पाचशे डॉलरने जास्त. सेन्सर सुमारे साडेतीनपट वेगाने वाचला जातो, त्यामुळे सायलेंट मोडचे पट्टे बरेच कमी झाले, व्हिडिओ फारच पुढे गेला. त्याची किंमत कमी आयएसओवर मोजावी लागली: आयएसओ १०० ला गडद भाग उजळताना झेड-६ टू पेक्षा जास्त दाणेदारपणा (नॉइज) दिसतो, ८०० च्या पुढे फरक राहत नाही. आणि ३ एप्रिल २०२५ ला झेड-५ टू आला, एक्सपीड ७ सह, दोन्ही पूर्ण आकाराची एसडी कार्डं घेऊन, झेड-६ थ्री पेक्षा बराच स्वस्त. २०२३ च्या गणपतीत लिहून काढलेली आपल्या फोटोग्राफरची गरज शब्दशः त्याच्यात होती, फक्त दीड वर्षानंतर आणि दोन हंगाम उलटल्यावर.

२०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मुहूर्त जवळजवळ नव्हते. झेड-एफ हातात असल्यामुळे डी७५० ला पुण्याला पाठवून शटर बदलून आणायला तेच दोन महिने मोकळे मिळाले.